पितळी ठोकळ्याचे नऊ ग्रॅम

सात मूलभूत राशी कोणत्या, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. लांबी, वस्तुमान, काळ, तापमान, विद्युतधारा, प्रकाशाची तीव्रता आणि पदार्थाचं प्रमाण. एका दमात म्हणून दाखवतो आणि परत घोरायला लागतो. गंमत अशी, की मी कधी कुणाला शिकवलं नाही आणि मलाही कुणी शिकवलं नाही. देवगाव फाट्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. परिचर म्हणजे टेबलं पुसणारा, उपकरणं काढून देणारा आणि संध्याकाळी ती मोजून कपाटात ठेवणारा. पोरं मला मामा म्हणायची. सर लोकही मामाच म्हणायचे, चहा हवा असला की जरा जास्त प्रेमानं.

या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, की मामा, तुमचे प्रेरणादायी अनुभव लिहा. प्रेरणा वगैरे माझ्याकडे नाही, आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडे एक ठोकळा आहे. त्याचीच हकिगत सांगतो, आणि ती सांगताना माझी अब्रू गेली तर जाऊ द्या, आता पेन्शन चालू झालेली आहे.

ज्यांनी विज्ञानाला दहावीनंतर रामराम केला त्यांच्यासाठी थोडं सांगायला पाहिजे. काही राशी अशा असतात की त्या दुसऱ्या कशातून काढत बसायचं कारण नसतं. लांबी घ्या. पट्टी लावायची आणि वाचायची. वस्तुमान घ्या. काट्यावर ठेवायचं आणि वाचायचं. या झाल्या मूलभूत. बाकीच्या यांच्यापासून हिशेबानं निघतात. लांबीला रुंदीनं गुणलं की क्षेत्रफळ, त्याला उंचीनं गुणलं की घनफळ. वस्तुमानाला घनफळानं भागलं की घनता, म्हणजे एवढ्याशा जागेत माल किती ठासून भरलाय ते. या साधित. आधी मूलभूत मोजायचं, मग साधित काढायचं. एवढंच आहे हो सगळं! आमचे जोंधळे सर हे सांगायला तीन तास घ्यायचे आणि पोरांच्या हातात शेवटी सात नावांची यादी तेवढी राहायची.

तशी आमच्या भागातली माणसं राशींच्या बाबतीत लय मोकळ्या मनाची. म्हातारी मंडळी वेळ दोरीनं मोजतात. दिवस कासराभर वर आला म्हणतात. कासरा म्हणजे बैलाची दोरी; क्षितिजापासून दोरीभर सूर्य वर चढला, की कामाला लागायची वेळ झाली. आणि अंतर मोजायला मिनिटं. एकदा तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एका पोराला विचारलं, "फाट्यापासून तुमचं कॉलेज किती लांब?" पोरगं म्हणालं, "चालत पंधरा मिंटं. ट्रॅक्टर भेटला तर पाच." परीक्षक खवळले, लांबी मिनिटात सांगतोस का म्हणून. अहो, त्या पोरानं अंतर, वेळ आणि वेग अशा तिन्ही राशी एका वाक्यात बसवून दाखवल्या होत्या. पण पुस्तकात ट्रॅक्टर नव्हता, म्हणून त्याचे दोन गुण गेले.

दुसरी भानगड खंडेनवमीची. त्या दिवशी सगळीकडे अवजारांची पूजा होते. आमची अवजारं म्हणजे व्हर्निअर. बारीक वस्तू जबड्यात धरून तिची जाडी मोजायचं पोलादी साधन. जोंधळे सर दरवर्षी अकराच्या अकरा व्हर्निअर ओळीत मांडायचे, हळद-कुंकू वाहायचे आणि नारळ फोडायचे. हळद जबड्यात जाऊन बसायची. मग वर्षभर जबडा मिटला तरी आकडा शून्यावर यायचा नाही, थोडा पुढंच राहायचा. याला झिरो एरर म्हणतात. एका पोरीला परीक्षकांनी विचारलं, या व्हर्निअरला झिरो एरर कशामुळं आली? ती म्हणाली, "दसऱ्यामुळं." सगळे हसले. इतकं बरोबर उत्तर आमच्या प्रयोगशाळेत तोवर कुणी दिलं नव्हतं, पण मी पण हसलो. सर हसत होते ना.

आता ठोकळ्याकडे येतो. प्रयोग क्रमांक दोन : दिलेल्या पितळी वृत्तचितीची घनता काढा. वृत्तचिती म्हणजे गोल कांडी. आम्ही ठोकळा म्हणायचो. व्यास दोन सेंटीमीटर, उंची पाच. पितळाची घनता आठ पॉइंट चार, हे पुस्तकात छापलेलं. मग आमच्या कॉलेजात प्रयोग कसा व्हायचा? पोरं आधी आठ पॉइंट चार हे उत्तर लिहायची. मग उलटा गुणाकार करून ठोकळा किती ग्रॅमचा असायला पाहिजे ते काढायची. एकशे बत्तीस. तो आकडा निरीक्षणाच्या रकान्यात भरायची, शेजारी एकशे एकतीस पॉइंट नऊ, खाली एकशे बत्तीस पॉइंट एक, म्हणजे मोजल्यासारखं दिसावं. साधितावरून मूलभूत काढणारं आमचं एकमेव कॉलेज असेल, असं मला वाटायचं. नंतर बाहेरच्या परीक्षकांशी बोलणं व्हायला लागलं तेव्हा कळलं की तसं काही नाही.

जुन्या तराजूचं एक पारडं तुटलेलं होतं, त्यामुळं ठोकळा प्रत्यक्ष वजन करायचा प्रश्नच येत नव्हता. याचा सगळ्यात मोठा फायदा मला झाला. कारण तो ठोकळा पितळी नव्हताच.

खरा पितळी ठोकळा संस्थेच्या सचिवांच्या बोअरमध्ये आहे. आजही आहे. माझ्या नोकरीचं नववं-दहावं वर्ष असेल. सचिवांनी बोलावून घेतलं, "बोअरला पाणी किती फुटावर हाय, बगून सांग." अशा वेळी सुतळीला दगड बांधून सोडतात. ती ओली होऊन वर आली की मोजायची. दगड वेडावाकडा असतो, अडकतो. मी हुशारी केली. प्रयोगशाळेतला गोल, गुळगुळीत, जड ठोकळा नेला. दीडशे फुटांपर्यंत सुतळी छान गेली आणि मग हलकी झाली. लांबी ही मूलभूत राशी मोजण्याच्या नादात घनतेचा अख्खा प्रयोग पाण्यात गेला. सचिव म्हणाले, "गप राहा. बोअरात काय पडलं, ते कुणाला सांगू नको." त्यांना पंपाची काळजी होती.

पण डेडस्टॉक रजिस्टरात नोंद होती ना! 'पितळी ठोकळा, एक नग.' हे रजिस्टर म्हणजे प्रयोगशाळेचा सातबारा. वस्तू हरवली की परिचराच्या मानगुटीवर. मी परभणीला गेलो, लेथवाल्याकडून अगदी त्याच मापाचा ठोकळा करून घेतला. पितळ परवडत नव्हतं, लोखंडाचा केला. आणि देवळाच्या कळसाला देतात तो सोनेरी रंग आणून वर दोन हात दिले. दरवर्षी दसऱ्याच्या आधी, पूजा म्हणून सगळी उपकरणं पुसायची असतात, तेव्हा ठोकळ्यालाही गुपचूप एक हात मारायचो. जोंधळे सर त्यालाच कुंकू लावायचे. वर्षाच्या शेवटी रजिस्टरवर सही व्हायची : तपासले, बरोबर. वीस-बावीस वर्षं लोखंडाची घनता पितळाइतकी येत राहिली आणि पोरांना तीसपैकी एकोणतीस मिळत राहिले.

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. अनुदानातून आला, खोक्यातच राहिला आणि पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मीच तो बाहेर काढला. त्याच वर्षी बारावीला कोमल होती.

कोमल मेंढरं राखणाऱ्याच्या घरची. पहाटे बापाबरोबर, तिच्या आबाबरोबर, वाड्यातली मेंढरं सोडून, मग फाट्यापर्यंत चालत येणारी. अंगानं किरकोळ, पण नजर अशी की मला उगाच शर्टाची गुंडी तपासावीशी वाटायची. तिला परभणीला शेतीच्या कॉलेजात जायचं होतं. बापानं साफ सांगितलं होतं : मार्क पडले तर पाठवतो, न्हाई पडले तर मेंढरामागं चल, मला एकट्याला व्हईना. ती गणितात आणि जीवशास्त्रात बरी होती, पदार्थविज्ञानाच्या लेखी पेपरात काठावर. प्रात्यक्षिकाचे तीस गुण तिला पैलतीरावर नेणार होते, आणि ते तर आमच्याकडं सगळ्यांनाच मिळायचे.

सरावाच्या दिवशी तिनं ठोकळा काट्यावर ठेवला. मी पलीकडं काचा पुसत होतो.

"मामा, ह्ये एकशे तेवीस दाखवायलंय."

"बॅटरी उतरली आसंल."

दुसऱ्या दिवशी ती दप्तरातून मिठाचा एक किलोचा पुडा घेऊन आली. तो ठेवला. काट्यानं एक हजार आणि वर पिशवीचे चार ग्रॅम दाखवले. मग ठोकळा ठेवला. एकशे तेवीस.

"काटा बरोबर हाय, मामा. ठोकळाच नऊ ग्रॅमनं हलका हाय. कामून?"

"तू अभ्यास कर," मी म्हणालो.

ती जोंधळे सरांकडं गेली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "आपल्या कॉलेजात घनता आठ पॉइंट चार येते."

मी तिला एकदा विचारलं होतं, एवढं काय नऊ ग्रॅमचं घेऊन बसलीस? ती म्हणाली, "मामा, आमच्या आबाला व्यापारी दर खेपेला तोंडीच वजन सांगतो. बकरं नुसतं उचलतो आन् म्हणतो, दिसायलंय बावीस किलो. आबा म्हणतो, बरं. मी आठवीत आसताना शेजारच्या गावातून काटा मागून आणला, तर सत्तावीस भरलं. तवापासून मी आधी आकडा आन् मग वजन आसं कुणी केलं की मला राग येतो." आठवीतली पोरगी! आणि मी तिकडं सोनेरी रंगाचा डबा कपाटामागं लपवत होतो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक पूर्णेच्या बाजूनं आले. चुडाव्याला गाडी क्रॉसिंगला थांबली म्हणून दीड तास उशिरा, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, जेवायला काय केलंय. धपाटे आणि दही सांगितलं तेव्हा जरा निवळले. पोरांनी प्रयोगांच्या चिठ्ठ्या उचलल्या. कोमलच्या चिठ्ठीत निघाला प्रयोग क्रमांक दोन. मी मनात म्हणालो, पोरी, आज एवढं एकशे बत्तीस लिही आणि सूट परभणीला.

तिनं व्हर्निअरचा जबडा आधी ओढणीच्या टोकानं स्वच्छ पुसला. तीन वेळा व्यास घेतला, तीन वेळा उंची. काट्यावर ठोकळा ठेवला. जोंधळे सर मागून जाता जाता कुजबुजले, "एकशे बत्तीस." ती म्हणाली, "सर, काटा तेवीस दाखवायलाय," आणि तेच लिहिलं.

परीक्षक आले. पेपर पाहिला. "पितळाची घनता किती असते?"

"आठ पॉइंट चार, सर."

"आणि तू काय लिहिलंस?"

"सात पॉइंट आठ."

"मग?"

"मग ह्ये पितळ न्हाई, सर."

सगळी प्रयोगशाळा हसली. ती मात्र हसली नाही. तिनं कंपास पेटीतलं करकटक काढलं आणि ठोकळ्याच्या बुडाला कर्रकन एक रेघ ओढली. सोनेरी रंगाची पापडी निघाली. खाली काळपट राखाडी. "लोखंड हाय, सर. लोखंडाची सात पॉइंट आठच आसती. पुस्तकाच्या मागं तक्ता हाय."

परीक्षकांनी ठोकळा हातात घेतला. ती रेघ पाहिली. त्यांना दिसलं, मी शपथेवर सांगतो, त्यांना ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी प्रश्नपत्रिका उचलली आणि बोट ठेवून वाचलं, "दिलेल्या पितळी वृत्तचितीची. पितळी लिहिलंय इथं." जोंधळे सरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "सर, आपल्याकडं रजिस्टर आहे." आणि मला म्हणाले, "मामा, रजिस्टर आणा."

मी रजिस्टर आणलं. पान उघडलं. पितळी ठोकळा, एक नग. समोर वीस-बावीस सह्या, तपासले, बरोबर. परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. "मामा, ही वस्तू तुमच्या ताब्यात असते. हे पितळच आहे ना?"

तीन महिन्यांनी मी निवृत्त होणार होतो. पेन्शनचे कागद प्राचार्यांच्या टेबलावर होते. एक नग कमी निघाला तर कागद तिथंच अडकणार. हे सगळं मी डोक्यात एका क्षणात मोजलं. मोजायचं मला चांगलं यायचं.

"रजिस्टरला पितळच हाय, सर," मी म्हणालो.

खोटं नव्हतं म्हणा. रजिस्टरला होतंच. पण कोमल त्या वेळी परीक्षकांकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती. परीक्षकांनी तिच्या पेपरावर लाल शाईनं लिहिलं, निरीक्षणे सदोष, आणि तीसपैकी अकरा दिले. तिच्याच वर्गातल्या एका पोरानं त्याच ठोकळ्यावर आधीच्या तासाला आठ पॉइंट चार काढलं होतं, त्याला एकोणतीस. ठोकळ्याला त्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

सगळं आवरल्यावर ती माझ्याजवळ आली. ठोकळा माझ्या हातात दिला. "घ्या मामा. मोजून ठेवा," म्हणाली आणि गेली.

निकाल लागला. तिला हवे होते तेवढे टक्के पडले नाहीत, थोडक्यात हुकले. बापानं शब्द पाळला आणि ती मेंढरामागं गेली. माझे कागद सुरळीत मंजूर झाले. चार्ज देताना एक समिती बसली, निकामी सामान रजिस्टरमधून काढून टाकायला. आता मात्र त्यांनी ठोकळा काट्यावर ठेवला! एकशे तेवीस भरला. समितीनं आपसात विचारविनिमय करून शेरा लिहिला : सततच्या वापरामुळे नऊ ग्रॅम झीज. वर्षानुवर्षं कुणी वापरला नव्हता म्हणून टिकलेला ठोकळा वापरून झिजला. मग तो भंगारात निघाला आणि मी घरी घेऊन आलो. का आणला, ते मला तेव्हा कळलं नाही. बायको त्यानं वेलदोडे कुटायची.

मागल्या वर्षी सेलूहून येताना देवगाव फाट्यावर उतरलो. पत्र्याच्या एका शेडपुढं रांग होती. कुणाच्या हातात बकरं, कुणाच्या खांद्यावर सोयाबीनचं पोतं. मी एकाला विचारलं, काय आहे? तो म्हणाला, "कोमलताईचा काटा. आधी हितं वजन करायचं, पावती घ्यायची, मग व्यापाऱ्याकडं. व्यापारी काय बी म्हणू द्या, लोक हितली पावती पुढं करतेत." आत डोकावलो. तीच होती. काट्याशेजारी मिठाचा एक किलोचा पुडा ठेवलेला. रोज सकाळी आधी तो ठेवून बघते, मग कामाला सुरुवात करते, असं नंतर कळलं.

त्या दिवशी माझा धीर झाला नाही. घरी गेलो. चार दिवस जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी ठोकळा घासला, सगळा रंग काढला, रुमालात बांधला आणि फाट्यावर येऊन रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं एक मेंढका होता, मागं दोन पोतीवाले. नंबर आला. तिनं मला ओळखलं. हातातली वही बाजूला ठेवली.

"बसा मामा. पाणी घेता?"

"पाणी नको. हे वजन करायचं होतं."

मी रुमाल सोडला. धान्याच्या मोठ्या काट्याशेजारी किरकोळ मालाचा एक लहान काटा होता, त्यावर तिनं ठोकळा ठेवला. आकडे थरथरले आणि थांबले. एकशे तेवीस. बुडाला करकटकाची ती रेघ अजून दिसत होती, तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

"कोमल, मी त्या दिवशी…"

"मला तवाच म्हायती हुतं, मामा. परीक्षकाला बी दिसलं हुतं. मला पितळ का लोखंड ह्ये तुमच्याकडून समजून घ्यायचं नव्हतं. मला वाटलं हुतं, तुमी तरी तोंडानं म्हणताल."

"माझी चूक झाली. लय मोठी चूक झाली. तुझं कॉलेज माझ्यामुळं गेलं."

तिनं पावतीचं पुस्तक पुढं ओढलं. तारीख लिहिली. वजनाच्या रकान्यात एकशे तेवीस ग्रॅम लिहिलं. मग पेन मालाच्या नावाच्या रकान्यावर टेकवून थांबली.

"मामा, मालाचं नाव काय लिहू?"

"तुला माहीत आहे."

"मला म्हायती हाय. पण माल आणणाऱ्यानं सांगायचं आसतं. हितली तीच पद्धत हाय."

मागचे पोतीवाले खोळंबले होते. एकानं विचारलं, काय आणलंय म्हाताऱ्यानं?

"लोखंड," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला, बाहेर ट्रक चाललाय."

"लोखंड!"

तिनं लिहिलं, पावती फाडून माझ्या हातात दिली आणि माझ्या मागच्या माणसाला म्हणाली, "ठेवा तुमचं पोतं."